कांद्याच्या फुलावरची माशी

माशी चावत नाही का, हा प्रश्न मला आजवर भेटलेल्या प्रत्येक माणसाने विचारला आहे. चावते. तीस वर्षांत सात-आठ वेळा चावली आणि प्रत्येक वेळी चूक माझी होती. एकदा तर लग्नाची ऑर्डर उरकून, अंगाला अत्तराचा वास तसाच घेऊन, थेट सूर्यफुलात शिरलो होतो. मानेवर तीन ठिकाणी सूज आली, सुजेवर हळद थापली आणि दुसऱ्या दिवशीच्या हळदीला मी नवरदेवापेक्षा जास्त पिवळा दिसत होतो. एरवी मधमाशी कामात असली की तिला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. माझ्या गिऱ्हाइकांबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

मी साळवे, मूळचा लग्नाचा फोटोग्राफर. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला माझा स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी, मतदार ओळखपत्रासाठी घाबरलेले चेहरे. माशीचा नाद लागला तो घरच्या बागेमुळे. बाग म्हणजे जुन्या जालन्यातल्या आमच्या घरामागची आठ-दहा फुटांची मोकळी जागा. तिथे बायकोने, सुमनने, तेलाच्या डब्यांत आणि फुटक्या बादल्यांत झिनिया, गलांडा, तुळस आणि सब्जा लावला होता. सब्जाला मंजिऱ्या आल्या की सकाळी नऊपासून माशांची नुसती रीघ. एका रविवारी सहज कॅमेरा नेला, एक फोटो बरा आला, आणि मग मी कामातून गेलो.

हे काम बाहेरून दिसतं तितकं सोपं नाही. माशीच्या पाठीवरची लव दिसावी इतक्या जवळ गेलात, की फोटोत स्पष्ट दिसणारा भाग पोस्टकार्डाच्या जाडीएवढा उरतो. डोळा साधला तर पंख धुरकट, पंख साधावे तर डोळा गेला. त्यात वारा. तुम्हाला जो वारा जाणवतही नाही, तो सब्जाच्या काडीला झोपाळ्यासारखं हलवतो. माशीच्या मागे धावून काही मिळत नाही. एक फूल निवडायचं, त्याच्यापुढे गुडघे टेकायचे, आपली सावली फुलावर पडू द्यायची नाही आणि ती येईल तेव्हा श्वास धरून बटण दाबायचं. शंभर फोटोंत दोन कामाचे निघतात. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांत माशीचं बूड असतं.

आमचं जालना बियाण्यांचं गाव. एका कंपनीचे शिंदे साहेब स्टुडिओत मुलीचे फोटो घ्यायला आले, भिंतीवरची माशी पाहिली आणि म्हणाले, "हे तुम्ही काढून राह्यले? आन् आम्ही पुण्याहून माणूस बोलावतो?" तेव्हापासून त्यांच्या बियाण्यांच्या पाकिटांवरचे आणि माहितीपुस्तकांमधले फोटो माझ्याकडे आले. भेंडीचं फूल, कारल्याचं फूल, आणि फुलावर माशी. शेतकऱ्याला फुलावर माशी दिसली की पीक जोमदार वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

नमुनेदार गिऱ्हाइकं पुष्कळ आली, पण एक विसरणार नाही. एक निवृत्त मुख्याध्यापक होते. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस होता आणि बायकोने वाढवलेल्या गुलाबावर मधमाशी बसलेली आहे असा मोठा फोटो त्यांना भेट द्यायचा होता. मी तीन सकाळी त्यांच्या अंगणात बसलो. गुरुजी खुर्ची टाकून पेपर वाचायचे आणि दर पाच मिनिटांनी विचारायचे, "आली का?" येणार कुठून? त्या गच्च पाकळ्यांच्या कलमी गुलाबात माशीला खायलाच काही नसतं. शेजारच्या कुंपणावर कोणाची तरी तुळस माजली होती, सगळ्या तिकडे. हे मी गुरुजींना सांगितलं तर ते दुखावले. म्हणाले, "आमच्या गुलाबात काय कमी आहे?"

चौथ्या दिवशी मी आमच्या सब्जावरची एक माशी गोळ्यांच्या रिकाम्या डबीत पकडली आणि दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. गारठली की माशी सुन्न होते. नेऊन गुलाबावर ठेवली. दोन मिनिटं ती तशीच बसली, मग पुढच्या पायाने मिशा विंचरल्या, ऊन खाल्लं आणि उडाली. तेवढ्यात माझं काम झालं होतं. तो फोटो गुरुजींच्या बैठकीत लागला, आणि आमच्या गुलाबावर माशा येतात असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. सुमनला डबी फ्रीजमध्ये दिसली होती. "अहो, दह्याशेजारी जीव ठेवताय तुम्ही," ती म्हणाली. मी हसलो. माशी जिवंत होती, फूल खरं होतं, एवढी लबाडी कोण करत नाही, असं मी स्वतःला समजावलं.

आणि गंमत अशी की बाहेर मी याच गोष्टीवरून मान ताठ करून चालत होतो. मेलेली माशी डिंकाने चिकटवून फोटो काढणारे लोक आमच्या धंद्यात आहेत. एकदा टाउन हॉलमध्ये हौशी लोकांचं प्रदर्शन होतं. बुलढाण्याकडच्या एका डॉक्टरांच्या फोटोपुढे उभं राहून मी चारचौघांत म्हणालो, "डॉक्टर, तुमचा पेशंट गेलेला आहे." लोक खो खो हसले. डॉक्टर बिचारे फोटो उतरवून घरी गेले. त्यानंतर गावात बोललं जाऊ लागलं, की साळव्यांची माशी म्हणजे जिवंत माशी. ते ऐकायला मला फार आवडायचं. ती आवड मला कुठे नेणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

आता अशोकची गोष्ट सांगतो. हा लेख मी तिच्यासाठीच लिहितो आहे.

जाफराबादकडे कांद्याचं बी पिकवतात. मोठे कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना दांडे येतात, दांड्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा चेंडूसारखा गोंडा येतो. याला आमच्याकडे डोंगळा म्हणतात. संकरित बियाण्याच्या शेतात काही ओळी नर असतात, काही मादी. नर ओळीतले परागकण मादी ओळीवर पोहोचवायचे ते माशीनेच. माशी आली नाही तर गोंडा नुसता वाळतो आणि आतलं बी पोचट निघतं. म्हणून फुलाच्या दिवसांत शेतात मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात.

अशोक या पेट्या ठेवायचा. चाळिशीचा, सडपातळ, कमी बोलणारा. आमच्याच समाजातला. स्वतःची जमीन नाही. बाहेर प्रशिक्षण घेऊन आला आणि दोन पेट्यांच्या वीस पेट्या केल्या. गावात लोक आधी हसले, मग दरवर्षी त्याच्याकडे यायला लागले. झाकण उचलून नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, की या पेटीत राणी आहे, त्या पेटीत नाही. मला त्याने पुष्कळ शिकवलं. भेटलो की "जय भीम काका" म्हणून कॅमेऱ्याची पिशवी माझ्या खांद्यावरून काढून घ्यायचा.

सात वर्षांपूर्वी त्याच्या पेट्या गंगाधररावांच्या डोंगळ्यात होत्या. गंगाधरराव गावातले जुने जमीनदार, प्लॉट शिंदे साहेबांच्या कंपनीसाठी. साहेबांनी मला फोन केला, "साळवे, पुस्तक छापायला चाल्लंय. डोंगळ्यावरची माशी जल्दी पाहिजे. फुलं दोन-चार दिवसांत संपतील."

मी पहाटेच्या बसने गेलो. शेत पांढरंशुभ्र फुललेलं होतं आणि तिथे काहीही आवाज नव्हता. डोंगळ्याच्या शेतात माशांचा घुमारा रस्त्यापर्यंत ऐकू येतो. पेट्यांपाशी गेलो तर प्रत्येक पेटीपुढे मेलेल्या माशांचा थर. मुंग्या लागल्या होत्या. गंगाधररावांचा गडी म्हणाला, "परवा फवारा मारला ना. फुलकिडा पडल्ता, साहेबांनीच सांगितल्तं. अशोक सकाळीच कंपनीत गेला बोंबलत."

फुलाच्या दिवसांत, तेही सकाळी, माशा शेतात असताना फवारणी करायची नसते. अशोकला कोणी विचारलंही नव्हतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मी फोटो काढायला आलो होतो. दुपारी बारापर्यंत एका गोंड्यापुढे बसून राहिलो. एक माशी आली नाही.

मग मी उठलो आणि पेटीपुढची एक माशी उचलली. त्यातल्या त्यात धड होती. पंख फाकले होते, ते चिमट्याने मिटवले. पायाखाली डिंकाचा बारीक थेंब लावून गोंड्यावर बसवली. ब्रशने नर ओळीतले थोडे परागकण तिच्या पाठीवर शिंपडले. तिची सोंड बाहेर आलेली होती, म्हटलं बरंच झालं, रस पितेय असं वाटेल. वारा पडला होता. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. डोळा, पंख, लव, सगळं स्वच्छ. परत येताना बसमध्ये कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मी दहादा पाहिला आणि खूश झालो. ही लाज वाटण्याची गोष्ट आहे, म्हणून सांगतो.

एप्रिल संपता संपता बी पोचट निघालं. गंगाधरराव भडकले. अशोक म्हणाला, फवाऱ्याने माशा मेल्या. कंपनीने आपली तीन माणसं पाहणीला पाठवली, आणि साहेबांनी मलाही गाडीत घेतलं. का, ते मला आखाड्यावर गेल्यावर कळलं. गंगाधररावांच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापुढच्या अंगणात, गावातली पंधरा-वीस माणसं बसली होती. साहेबांनी माझा फोटो मोठा करून आणला होता.

"हे बघा," ते म्हणाले, "फवारणीनंतर दोन दिवसांनी काढलेला फोटो आहे. तारीख आहे. याच प्लॉटमधला. माशी काम करून राह्यली. मंग फवाऱ्यानं मेल्या कशा? पेट्यांतच माशा कमी होत्या."

साहेबांवर मी खोटेपणाचा आळ घेणार नाही. त्यांनी तो फोटो खरा समजूनच आणला होता. साळव्यांची माशी म्हणजे जिवंत माशी.

फोटो हातोहात फिरत अशोककडे गेला. त्याने तो उन्हात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"काका, हिची सोंड अशी कामून हाय?"

"रस पिऊन राह्यली," मी म्हणालो.

"पिताना सोंड खाली वळती, फुलात जाती. ही सरळ बाहीर लटकली. इखानं मेलेली माशी अशी राहती. म्या तवा घमेलंभर झाडल्या, समद्यांची अशीच व्हती." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आपला माणूस म्हणून. "काका, एकच सांगा. ही जित्ती व्हती ना, का न्हाई?"

इतकी वर्षं मी माशा पाहिल्या, पण मेलेली माशी कधी नीट पाहिली नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. साहेब, पाहणीवाले, गंगाधरराव. कंपनीचं काम जाईल ही भीती मला नव्हती, तोवर मुलं मार्गी लागली होती. मला आठवला तो टाउन हॉल आणि ते हसणारे लोक. आता आपल्यावर हसतील, एवढंच डोक्यात आलं.

"जिवंत होती," मी म्हणालो. "उडून आली, बसली, मी काढला."

एवढंच विचारलं होतं. मी वर उडून आली, बसली, हेही सांगितलं.

अशोकने फोटो बाजेवर ठेवला. "मंग माझंच चुकलं असंल," तो म्हणाला आणि खाली बसला.

पेट्यांमध्ये माशा पुरेशा नव्हत्या, असं कंपनीने लिहिलं. अशोक रिकाम्या पेट्या आणतो, असं गावाने ठरवलं. पुढच्या हंगामात त्याला कोणी बोलावलं नाही. उरलेल्या चार-पाच पेट्यांतल्या माशाही गेल्या. तो जालन्यात सळईच्या कारखान्यात लागला, असं मला दुसऱ्याकडून कळलं. कारखाना माझ्या घरापासून ऑटोने वीस मिनिटांवर. मी गेलो नाही. तो फोटो मात्र कंपनीच्या पुस्तकात आला, कॅलेंडरवर आला, लोकांनी फोन करून कौतुक केलं. दर पौर्णिमेला विहारात वंदना होते. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणायची वेळ आली की माझा आवाज खाली जायचा. सुमनने एकदा विचारलंही, घसा बसलाय का.

मागच्या वर्षी स्टुडिओ बंद केला. कॉम्प्युटर रिकामा करताना त्या दिवसाचे फोटो सापडले, एकूण चौदा. जिवंत माशीचे चौदा फोटो काढले तर एकासारखा दुसरा नसतो. पाय हलतो, मिशी वळते. हे चौदाही एकसारखे होते. कोणालाही दाखवले असते तर कळलं असतं. मी ते छापून घेतले आणि एका रविवारी, कारखान्याची सुट्टी धरून, त्याच्या गावी गेलो.

अशोक घरीच होता. केस पिकले होते, हातावर भाजल्याचे डाग होते. "जय भीम काका" म्हणाला, पाणी दिलं. मी फोटो अंथरुणावर मांडले आणि सगळं सांगितलं. त्याने चौदाही पाहिले. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"सहा वर्षं मी मलाच इचारून राह्यलो," तो म्हणाला. "पेट्यांत माशा खरंच कमी व्हत्या का. बराबर पाहिल्या व्हत्या म्या. मंग वाटायचं, काका खोटं कशाला बोलतील?"

मी म्हणालो, मी लिहून देतो.

"कागदाचं काय करू? तिकडं चला. समद्यांसमोर सांगा."

गेलो. गंगाधरराव आता थकले आहेत, पण आखाडा तोच. आठ-दहा माणसं जमली. मी उभं राहून सांगितलं की माशी मेलेली होती, पेटीपुढून मी उचलली होती आणि त्या दिवशी मी खोटं बोललो. कोणी हसलं नाही. ज्या हसण्याला मी घाबरलो होतो, ते आलंच नाही. एक म्हातारा म्हणाला, "जाऊ द्या, जुनं झालं," आणि विडी पेटवली.

गंगाधररावांनी अशोकला जवळ बोलावलं. मग म्हणाले, "अशोक, आमचं चुकलं रे. यंदा लाव पेट्या आपल्या डोंगळ्यात. आता कोणी काही म्हणणार न्हाई."

"पेट्या न्हाईत, दादा," अशोक म्हणाला. "मागच्या थंडीत फोडल्या. आंघोळीचं पाणी तापवलं."

"मंग नवीन आण. मी देतो की."

अशोकने नुसती मान हलवली. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

मोटरसायकलवरून मला फाट्यावर सोडायला तो आला. जीपची वाट बघत आम्ही उभे होतो. मी त्याला म्हणालो, माफ कर. तो म्हणाला, केलं. मग मी म्हणालो, गंगाधरराव देताहेत तर घे पेट्या, पुन्हा सुरू कर.

"न्हाई होणार, काका. कारखान्यामागं एक मोहळ लागलंय. त्या दिवशी पाहायला गेल्तो. हात पुढं जाईना. वाटलं, आपल्याला माशी कधी कळतच नव्हती."

"तुला कळत होती," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "तिथे बसलेल्या सगळ्यांत तुला एकट्यालाच कळली होती, अशोक. फोटो बघताक्षणी तू बरोबर ओळखलं होतंस."

समोरून जीप आली. त्याने हात दाखवून ती थांबवली, माझी पिशवी आत ठेवली.

"हौ," तो म्हणाला. "पण मी तुमचं ऐकलं."